टेलिफोन किंवा केबलच्या लाईनवर व्हिडिओ अडकतोय? प्लॅन वाढवायच्या आधी लाईन तपासा

व्हिडिओ अडकला की लोक पहिल्यांदा प्लॅन वाढवतात, पण एचडीला साधारण ५ ते ८ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे बऱ्याचदा स्पीड असतो आणि तरी चित्र फुटतं. कारण व्हिडिओत मधूनमधून एकच पूर्ण फ्रेम (अख्खं चित्र) येते आणि पुढच्या फ्रेम फक्त काय बदललं तेवढंच सांगतात, मग त्या पूर्ण फ्रेममधलं एखादं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चौकोन चौकोन दिसत राहणार. लाइव्ह टीव्हीला हरवलेलं पॅकेट परत मागवायला फारसा वेळच नसतो.

आधी वायफाय बाजूला ठेवा, मॉडेमला थेट वायर लावून बघा.

टेलिफोनची लाईन असेल तर: ही तांब्याच्या तारांची जोडी ३०० ते ३४०० हर्ट्झच्या आवाजासाठी टाकलेली, एडीएसएल२प्लस (फोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याची पद्धत) तिच्यावरून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेतं आणि फ्रिक्वेन्सी जेवढी वर तेवढा सिग्नल लवकर विरतो. म्हणून २४ एमबीपीएस हा आकडा टेलिफोन एक्स्चेंजच्या जवळच खरा, ३-४ किलोमीटरवर निम्मा पण मिळत नाही. मॉडेमच्या पेजवर (ब्राउझरमध्ये मॉडेमचा पत्ता टाकला की उघडतं ते) नॉइज मार्जिन बघा, म्हणजे लाईनवरचा नॉइज सोसून सिग्नल किती शिल्लक उरतो तो आकडा, ६ डीबी (डेसिबल) च्या खाली गेलं की लाईन तुटायला लागते. मग घरातली एक्स्टेंशनची सगळी वायर काढा आणि लाईन जिथे घरात शिरते त्या पहिल्या सॉकेटला मॉडेम लावा, एवढ्यानेच बराच फरक पडू शकतो. तरी त्याच पेजवरचे सीआरसी एरर (खराब होऊन आलेल्या डेटाची मोजणी) वाढतच असतील तर कंपनीला इंटरलीव्हिंग (डेटा विखरून पाठवणं, म्हणजे चुका दुरुस्त करता येतात) चालू करायला सांगा, गेमचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) थोडा वाढेल पण चित्र सुधारेल.

केबलचं दुखणं वेगळं. कोॲक्समध्ये (केबल टीव्हीची जाड गोल वायर) जागा भरपूर, ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून ५० एमबीपीएसच्या आसपास जातं, पण ते सगळ्या शेजाऱ्यांमध्ये वाटलं जातं. पहाटे आणि रात्री ९ वाजता दोन्ही वेळा स्पीड मोजा, आठवडाभर लिहून ठेवा. फक्त रात्रीच मरत असेल तर नोडवर (तुमच्या भागातल्या घरांना जोडणारा कंपनीचा डबा) गर्दी आहे, घरात काहीही बदलून उपयोग नाही, ते आकडे घेऊन कंपनीच्याच मागे लागा.

दिवसभर त्रास असेल तर स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारा जोड) मोजा. दोन तोंडांचा प्रत्येक स्प्लिटर साधारण ३.५ डीबी खातो, म्हणून मॉडेम पहिल्याच स्प्लिटरवर घ्या आणि मॉडेमच्या पेजवर पॉवर (येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये आहे का बघा. आणि प्लीज, सगळे कनेक्टर हाताने घट्ट करा, वापरात नसलेल्या तोंडांवर ७५ ओहमचं टर्मिनेटर (तोंड बंद करणारं टोपण) लावा. घरातून वर जाणारा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर असतो आणि तिथे प्रत्येक घरातला नॉइज गोळा होत जातो, त्यामुळे तुमच्या एका सैल कनेक्टरने नोडवरच्या सगळ्यांची लाईन खराब होऊ शकते.