यारो (yarrow नावाचं फुलझाड) बुडातून काळा पडून कुजतोय? सोलापुरात मला लागू पडलेला उपाय

लक्षण असं: सप्टेंबरचा पाऊस लागला की खालची पिसासारखी पानं आधी पिवळी, मग काळी पडायची. झाड हलकंसं ओढलं तरी बुडातून सुटून हातात यायचं, कुजका वास मारत. जी रोपं वाचायची, त्यांचे दांडे उंच होऊन आडवे लोळायचे. बुरशीनाशक फवारलं, पाणी तोडलं, काड्यांचा आधार दिला, फरक शून्य. फार जीव जळला.

मूळ कारण मातीत होतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि यारोला निचरा लागतो. काश्मीरच्या डोंगरउतारांवर तो आपोआप उगवतो, तो त्यामुळेच.

आधी जमिनीवर वीतभर उंच वाफा केला. तळाला विटांचे तुकडे. वर दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं काळी माती. शेणखत अजिबात घालू नका. खताने दांडे माजतात आणि लोळतात. पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरअखेरीस, जुन्या गड्ड्याच्या कडेचे फुटवे मुळांसकट काढले, मधला काळा भाग फेकला. लावताना बूड मातीच्या पातळीलाच ठेवलं, गाडलं नाही. भोवती बारीक खडी पसरली. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी, तेही सकाळी. फुलं सुकल्यावर दांडे खालच्या पानांपर्यंत छाटले. एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी.

पुढच्या पावसाळ्यात एकही बूड कुजलं नाही, दांडेही बिनआधाराचे उभे राहिले. कुंडीत लावायचा असेल तर मिश्रण हेच, फक्त तळाची भोकं मोठी करून घ्या.