माटुंग्यात कॉफी घेताना
माटुंग्याच्या ‘म्हैसूर कन्सर्न्स’सारख्या जुन्या दुकानातून ताजी दळलेली कॉफी घेताना बिया कोणत्या आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती, हे दोन्ही स्पष्ट सांगावे, ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे मिश्रण दुधात चांगले उतरते, मात्र कोरी कॉफी पिणाऱ्याने चिकोरी टाळलेलीच बरी. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोलसर बी धरलेली कॉफी. माझी पसंती तिलाच. वांद्र्याच्या ‘सबको’ किंवा ‘ब्लू टोकाई’ या कॉफी भाजून विकणाऱ्या कंपन्यांची पाकिटे घेताना भाजल्याची तारीख पाहावी. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, दळलेल्या पुडीचा सुगंध लवकर उडतो, म्हणून एका वेळी पाव किलोपेक्षा अधिक घेऊ नये आणि घरी ग्राइंडर असल्यास अख्ख्या बियाच आणाव्यात.