सदाफुलीला ऊन द्या, पाणी आवरा

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो. दुपारी गच्चीवर तुळससुद्धा मान टाकते, सदाफुली मात्र फुललेली असते. तरी माझी पहिली तीन रोपं गेली, तिन्ही पावसाळ्यात. पानं लोंबली, मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून आणखी पाणी घातलं. उपटून पाहिलं तर खोड मातीलगत काळं पडलं होतं आणि मुळं कुजली होती. तेव्हापासून पानं लोंबली की मी आधी मातीत बोट घालते. दोन पेरं खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी. भर उन्हाळ्यात ते रोज सकाळी लागतं, थंडीत चार-चार दिवस लागत नाही.

इथली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे नुसती ती कधीच भरू नका. मी दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग जुनं, चांगलं कुजलेलं शेणखत घेते. आठ इंची कुंडी पुरते, पण तळाची भोकं मोकळी हवीत आणि खाली ताटली नको. पावसाळ्यात कुंड्या दोन विटांवर उचलून पत्र्याच्या कडेला ठेवते, म्हणजे ऊन मिळतं आणि धार लागत नाही. ऊन निदान सहा तास हवंच. सावलीत रोप नुसतं उंच वाढतं, फुलं चार.

रोपं विकत घेण्यापेक्षा बी धरा. फूल गळलं की तिथे बारीक शेंगांची जोडी येते. ती पिवळी पडली की तडकायच्या आत काढायची. एक दिवस उशीर झाला तर बी कुंडीबाहेर गेलंच. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीच्या फटीत असंच एक झाड उगवलंय. बी काळं, मोहरीहून बारीक. ते अंधारात चांगलं रुजतं, म्हणून वर अर्धा सेंटिमीटर माती हवीच. संकरित रोपाचं बी धरलं तर रंग बदलू शकतो. तोच रंग हवा असेल तर चार इंचांची फांदी खुडून लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, मग ते बाजूने फुटतं.

शेजारच्या तेलुगू काकू हिला 'बिल्ल गन्नेरू' म्हणतात. गन्नेरू म्हणजे कण्हेर, आणि दोन्ही झाडं खरोखरच एका कुळातली, दोन्ही विषारी. साखर उतरते म्हणून पानं चावणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका. कॅनडात रॉबर्ट नोबल मधुमेहावरचा हाच समज तपासत होते. त्यातून १९५८ मध्ये त्यांच्या आणि चार्ल्स बीअर यांच्या हाती लागलं ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवणारं व्हिनब्लास्टिन हे द्रव्य. आज ते कर्करोगावर देतात, तेही मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली.

फेब्रुवारी सरता सरता झाड निबर, लाकडी दिसायला लागतं. तेव्हा धारदार कात्रीने एक तृतीयांश उंची ठेवून छाटा आणि मूठभर शेणखत घाला. पहिले आठ-दहा दिवस कुंडी उघडीबोडकी दिसेल. मग प्रत्येक पेरातून दोन-दोन फुटवे येतात.