अमेरिकेत, न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी: सोशल नंबर, धमकीचे फोन आणि आपली माणसं

दर ऑगस्टला विद्यार्थी येतात, दर ऑक्टोबरला एच-वनवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) येतात, आणि थँक्सगिव्हिंगच्या आत त्यातल्या एखाद्याचा तरी फोन येतोच. "ताई, एक विचारायचं होतं..." आवाजावरूनच कळतं की पैसे गेलेले आहेत. चांगला तांदूळ कुठे मिळतो, लायसन्सची परीक्षा कशी असते, हे ओक ट्री रोडच्या देशी बाजारात कुणीही सांगेल. फसवणुकीचं मात्र कुणी सांगत नाही, कारण ज्याचे गेले तो लाजेने गप्प बसतो आणि पुढच्या वर्षी दुसरा त्याच खड्ड्यात जातो.

इथे तुमची ओळख म्हणजे नऊ आकडे: सोशल सिक्युरिटी नंबर, बोलताना नुसता "सोशल". आधारसारखा अंगठा नाही, फोटो नाही, ओटीपी नाही. साध्या कागदाच्या कार्डावर नाव आणि नंबर, बस. नाव, जन्मतारीख आणि हा नंबर एवढं हाताला लागलं की तुमच्या नावावर क्रेडिट कार्ड, गाडीचं कर्ज, फोनची लाइन, अगदी टॅक्सचा रिफंडसुद्धा काढता येतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, सोशल नंबर सहसा बदलून मिळत नाही.

एच-वनवर आलेल्यांनी उतरल्या उतरल्या सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात धावू नये. दहाएक दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद त्यांना दिसते. कार्ड पोस्टाने येतं, आणि पहिला घोळ इथेच होतो. ओपीटीवरची (शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काम करणारी) मुलं कन्सल्टन्सीच्या, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या कंपनीच्या, गेस्ट हाउसचा पत्ता देतात. तिथे एका खोलीत चार गाद्या, दर महिन्याला नवीन चेहरे, आणि लेटरबॉक्सची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. कार्ड येईपर्यंत तुम्ही कामासाठी डॅलसला पोचलेले असता. पत्ता अशा माणसाचा द्या जो वर्षभर त्याच घरात राहणार आहे, आणि लेटरबॉक्सवर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवा. कार्ड मिळालं की नंबर पाठ करून ते घरात ठेवून द्या, पाकिटात ठेवू नका. एच-फोरवरच्या (एच-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) जोडीदाराला वर्क परमिटशिवाय हा नंबर मिळत नाही. टॅक्ससाठी आयटिन नावाचा वेगळा नंबर काढावा लागतो. "वहिनींचाही सोशल काढून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

नंबर द्यायचा तो नोकरी पक्की झाल्यावर मालकाला, बँकेला, टॅक्सला, आणि घर भाड्याने घेताना, तेही घर डोळ्यांनी पाहून झाल्यावर. डॉक्टरच्या फॉर्मवर रकाना असतो, तो कोरा सोडा. बहुतेक ठिकाणी परत विचारतही नाहीत.

आता ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांच्याबद्दल. आपल्याकडच्या काही कन्सल्टन्सी आणि रिक्रूटर नोकरीच्या आशेवर असलेल्या पोरांकडून जे जे मागतात ते ऐकून अंगावर काटा येतो. क्लायंटकडे नाव पाठवायचं म्हणून जन्मतारीख, सोशलचे शेवटचे चार आकडे, पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाची कॉपी, आणि सगळं साध्या ईमेलवर. मुलगा दिवसाला पाच जणांना हे पाठवतो. त्यातले किती जण खरे रिक्रूटर आणि किती नुसते बायोडेटा गोळा करणारे, हे त्याला कसं कळणार? कायद्याने मालकाने आय-नाइन फॉर्मसाठी (कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) कागद पाहायचे ते नोकरीची ऑफर स्वीकारल्यानंतर. त्याआधी पासपोर्टची कॉपी मागणाऱ्याला सांगा की ऑफर लेटर आलं की देतो. खरा असेल तो थांबतो. "मग तुमचं प्रोफाइल पुढे जाणार नाही" म्हणेल त्याला जाऊ द्या. मार्चमध्ये एक्सेलची शीट पाठवून घरातल्या सगळ्यांचे सोशल भरून मागणारे स्वस्तातले टॅक्सवाले याच जातीचे. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याने त्यावर स्वतःची सही आणि पीटिन, म्हणजे टॅक्सवाल्याचा नोंदणी नंबर, घालायलाच हवा. न घालणारा, किंवा रिफंड स्वतःच्या खात्यात मागवून मग तुम्हाला देतो म्हणणारा, दोघेही नकोत.

"अरे, तुझ्या सोशलवर एक फोनची लाइन घेतो, माझं क्रेडिट अजून झालं नाहीये." हे म्हणणारा रूममेट चांगला मुलगा असतो, गणपतीत तुमच्याबरोबर आरती म्हणतो. तरी नाही म्हणा. तो मे महिन्यात भारतात परत जातो, बिल येत राहतं, आणि त्याने भरलं नाही तर वसुलीवाले तुम्हाला शोधत येतात. ही चोरी नाहीच म्हणे, कारण तुम्हीच हो म्हटलेलं असतं.

फोनबद्दल मात्र सविस्तर लिहिते. आयआरएसमधून (इथलं आयकर खातं) बोलतोय, टॅक्स थकला आहे, तासाभरात पोलीस येतील. सोशल सिक्युरिटीमधून बोलतोय, टेक्सासच्या सीमेवर तुमच्या नावाची गाडी सापडली, आत कोकेन आहे, तुमचा नंबर सस्पेंड करतोय. (सोशल नंबर कधीही सस्पेंड होत नाही. तशी सोयच नाही.) इमिग्रेशनमधून बोलतोय, आय-९४ मध्ये (तुमच्या प्रवेशाच्या नोंदीत) चूक आहे, दंड भरा नाहीतर डिपोर्ट करू. वकिलातीतून बोलतोय, तुमच्या पासपोर्टवर तक्रार आहे. स्क्रीनवर नंबरही त्याच ऑफिसचा दिसतो, कारण तो हवा तसा दाखवता येतो. वॉशिंग्टनच्या भारतीय वकिलातीने २०१८ मध्येच जाहीर इशारा दिला होता की तिच्याच नंबरवरून फोन येताहेत असं भासवून भारतीयांना लुबाडलं जातंय.

आणि यातला मोठा धंदा कुठून चालत होता, तर मीरा रोडवरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरवर छापे घातले आणि शेकडो मुलामुलींना ताब्यात घेतलं. आयआरएसचा अधिकारी असल्याचं सांगून अमेरिकेतल्या लोकांना, त्यातही म्हाताऱ्यांना आणि बाहेरून आलेल्यांना, घाबरवायचं आणि पैसे प्रीपेड किंवा गिफ्ट कार्डांनी भरायला लावायचे, हा उद्योग. त्याच महिन्यात इथे ह्यूस्टनच्या कोर्टात मोठा खटला उभा राहिला, आणि जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत बसून पैसे फिरवणाऱ्या २१ जणांना शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी २० वर्षांची. तेव्हा फोनवरचा "ऑफिसर केविन" आपल्या वळणाचं इंग्रजी बोलत असेल तर तो आपला म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

आपण का फसतो, याचं माझं मत सांगते. लोक म्हणतात हाव. नवीन माणसाच्या बाबतीत हाव फार कमी, व्हिसाची भीती फार जास्त. शाळेपासून आपल्याला सरकारी माणसापुढे हात जोडायची सवय असते, फोन तोंडावर ठेवणं उद्धटपणा वाटतो, आणि आई-बाबांनी शैक्षणिक कर्ज काढून पाठवलेलं असतं. समोरच्याला तुमचं नाव, युनिव्हर्सिटी, व्हिसाचा प्रकार ठाऊक असतो (कन्सल्टन्सीची ती शीट आठवा). मग तो म्हणतो, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, हा गोपनीय मामला आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असं दुपारभर फोनवर ठेवून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरवलं. प्रत्येक दुकानात गिफ्ट कार्डं घ्यायची, मागची चांदी खरवडायची, आकडे वाचून दाखवायचे. घरभाड्याचे आणि पुढच्या सेमिस्टरचे पैसे त्यात गेले. तिच्या बाजूच्याच खोलीत तीन मैत्रिणी होत्या. एकीला जरी दार उघडून सांगितलं असतं तर वाचली असती.

म्हणून हे तीनदा वाचा. कुठलंही सरकारी ऑफिस फोन करून गिफ्ट कार्डावर, झेलवर (इथलं यूपीआयसारखं) किंवा बिटकॉइनवर पैसे मागत नाही. आयआरएसचं थकबाकीचं प्रकरण सहसा पत्राने सुरू होतं. "कुणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की फोन ठेवायचा. उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, "सर, बट" म्हणायचं नाही. ठेवायचा. इमिग्रेशनची खरी माणसं कधीकधी ऑफिसात पाहणीला येतात किंवा फोनही करतात, हे खरं आहे. पण ती पैसे मागत नाहीत, आणि आधी वकिलाशी बोलतो म्हटलं तर आकाश कोसळत नाही. तुमचा आय-९४ सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) वेबसाइटवर तुम्हाला स्वतःला, फुकट, दोन मिनिटांत पाहता येतो. पाहा आणि शांत झोपा.

चेकबद्दल आपला समज भारतातला असतो. तिथे चेक वटला की पैसे खात्यात येतात. इथे उलटं आहे. चेक टाकला की एक-दोन दिवसांत खात्यात पैसे दिसायला लागतात, आणि चेक खोटा होता हे आठवड्या-दोन आठवड्यांनी कळतं. घरबसल्या कामाची नोकरी देणारा कुणी पहिला चेक पाठवतो, "लॅपटॉपसाठी यातले दोन हजार अमक्याला झेल कर" म्हणतो, तुम्ही शिल्लक पाहून पाठवता. नंतर बँक आख्खा चेक परत काढून घेते आणि तुमचे पाठवलेले दोन हजार कायमचे गेलेले असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉलरच्या बदल्यात रुपये देणारे, "फी मी माझ्या कार्डाने भरतो, तू मला दहा टक्के कमी दे" म्हणणारे, सगळे याच माळेचे मणी. फी चोरीच्या कार्डाने भरलेली असते. ती उलटली की युनिव्हर्सिटी तुमच्याकडेच मागते.

खर्च क्रेडिट कार्डाने करा, डेबिटने नको. क्रेडिट कार्डावर कुणी चोरून खर्च केला तर कायद्याने तुमच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर येतात, आणि बहुतेक बँका तेही घेत नाहीत. डेबिट कार्डाचं तसं नाही. हरवल्याचं कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ५०, त्यानंतर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट आल्यावर ६० दिवस झोपून राहिलात तर पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. आमच्या जर्सीत गॅस, म्हणजे पेट्रोल, स्वतः भरायला कायद्यानेच बंदी आहे, कार्ड पंपावरच्या माणसाच्या हातात जातं, तेव्हा तिथे तर डेबिट काढूच नका.

आता फ्रीझ. मी पकडून पकडून सांगते आणि लोक "हो हो, करतो" म्हणतात. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्यांकडे तुमच्या उधारीचा इतिहास असतो. २०१७ मध्ये इक्विफॅक्सकडूनच सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. म्हणजे तुम्ही नंबर कितीही जपलात तरी तो ज्यांनी जपायचा त्यांच्याकडूनच जातो. फ्रीझ म्हणजे आतून घातलेली कडी: नंबर कुणाकडेही असो, तुमच्या नावावर नवीन कर्ज काढायला गेला की बँकेला तुमची फाइल दिसत नाही आणि कर्ज अडतं. सप्टेंबर २०१८ पासून हे देशभर फुकट आहे. तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळं करावं लागतं. त्याने क्रेडिट स्कोअर कमी होत नाही. गाडी किंवा घर घेताना तात्पुरतं उघडता येतं, ऑनलाइन सांगितलं तर कायद्याने तासाभरात. त्यांच्या वेबसाइट तुम्हाला "लॉक" नावाची, काही ठिकाणी दरमहा पैसे घेणारी वस्तू गळ्यात मारायला बघतील. ती नको, "फ्रीझ" शोधा. नवीन माणसाची अडचण एवढीच की पहिलं कार्ड घेऊन काही महिने होईपर्यंत फाइलच तयार नसते आणि ऑनलाइन अर्ज बहुधा अडकतो. तेव्हा फोनमध्ये सहा महिन्यांनंतरचा रिमाइंडर आत्ता लावा. तिन्ही रिपोर्ट ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट पाहता येतात. इथे जन्मलेल्या बाळाचीही फाइल गोठवता येते. कागद पोस्टाने पाठवावे लागतात, कंटाळवाणं आहे, करा.

टॅक्ससाठी आयआरएसकडून सहा आकडी आयपी पिन घ्या. दरवर्षी नवीन मिळतो, आणि त्याच्याशिवाय तुमच्या सोशलवर दुसऱ्या कुणाचं ऑनलाइन रिटर्न स्वीकारलं जात नाही. मोबाइल कंपनीकडे तुमचा फोन नंबर कुणी दुसऱ्या कंपनीकडे नेऊ नये म्हणून लॉक लावा.

आणि झालंच तर? आधी बँकेला आणि कार्डवाल्यांना फोन, मग फ्रीझ, मग आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साइटवर तक्रार. तिथे तयार होणारा रिपोर्ट जपून ठेवा. तो ओळखपत्रासह क्रेडिट कंपनीला पाठवला की चार कामकाजाच्या दिवसांत तिला खोटी नोंद अडवावी लागते. तुमच्या नावाने टॅक्स रिटर्न कुणी आधीच भरलेलं निघालं तर आयआरएसला फॉर्म १४०३९ द्या. "पोलिसात गेलो तर व्हिसाला धोका" म्हणून घरी बसणारे मी पाहिलेत. तक्रार करणारा आरोपी नसतो.

भारतातली बाजूही बघा. जुनं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) करून घ्या, पॅनवर कुणी कर्ज काढलं नाही ना हे सिबिलच्या रिपोर्टवर पाहा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. आई-बाबांना १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवायला सांगा, कारण "तुमचा मुलगा अमेरिकेत अटकेत आहे" असे फोन आता त्यांना जातात. आणि दिवाळीला घरी जाताना पोस्टाला टपाल थांबवायला सांगून जा. ही सोय जास्तीत जास्त ३० दिवसांची आहे. सुट्टी त्याहून मोठी असेल तर किल्ली शेजाऱ्याकडे द्या.