अँटिबायोटिक चालू असताना गर्भनिरोधक गोळीचं काय करायचं?

पावसाळ्यात ठाण्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) संशयावरून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, की ‘आता माला-एन या गर्भनिरोधक गोळीचा उपयोग नाही’ असं कोणीतरी सांगतंच. ते ऐकून गोळी मध्येच सोडू नका. खरा धोका सोडण्यात आहे. डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल यांनी गोळीचा असर कमी होत नाही. दोन्ही औषधं वेळच्या वेळी घ्या.

या औषधांनी पोट मात्र बिघडू शकतं. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली, तर लगेच संप्रेरकाची (हार्मोनची) आणखी एक गोळी घ्या. पाकिटातल्या शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात, त्या इथे उपयोगाच्या नाहीत. उलट्या किंवा जोराचे जुलाब २४ तासांहून जास्त चालले, तर तेवढ्या गोळ्या चुकल्या असं धरा. गोळ्या चालू ठेवा. आजारपणात आणि बरं वाटल्यावर पुढचे ७ दिवस कंडोम वापरा. त्या ७ दिवसांत संप्रेरकाच्या २१ गोळ्या संपत असतील, तर लोहाच्या गोळ्या गाळून थेट नवं पाकीट सुरू करा.

खरी अडचण येते ती टीबीच्या रिफॅम्पिसिनने. त्यामुळे यकृतातली विकरं (एन्झाइम) इतकी वाढतात, की गोळीतली संप्रेरकं काम करण्याआधीच मोडतात. टीबीचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा. औषध थांबल्यावरही हा परिणाम सुमारे ४ आठवडे टिकतो. घरातल्या टीबी रुग्णामुळे तुम्हाला टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, असे औषधाचे १२ डोस दिले असतील, तर त्यातलं रिफापेंटिनही असंच वागतं. आपल्या गोळ्यांत यातलं काही आहे का, हे पाकिटावर वाचा. लघवी नारिंगी होणं ही रिफॅम्पिसिनची ठळक खूण. ती घाबरण्यासारखी नाही.

अशा वेळी टीबीचं औषध एक दिवसही थांबवू नका, गर्भनिरोधक बदला. तांबी चालते. दर ३ महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही चालतं. गोळीचा डोस आपल्या मनाने दुप्पट करू नका. हातात बसवायच्या इम्प्लांटवरही भिस्त ठेवू नका. नवा उपाय सुरू होईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम हवाच. तांबी आणि अंतरा सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. तिथे गेल्यावर टीबीचं कार्ड आधी दाखवा.

रिफॅम्पिसिन चालू असताना कंडोम फाटला, तर मेडिकलमधल्या नेहमीच्या एका इमर्जन्सी गोळीवर विसंबू नका. ५ दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. त्यासाठी कळव्याचं किंवा वाशीचं पालिका रुग्णालय लवकरात लवकर गाठा.