फोटोवाल्यांनो, त्याच डीएसएलआरवर फिल्म कशी करायची

लग्नं, बारसे, शाळेचं गॅदरिंग काढून काढून ज्यांचा हात चांगला बसलाय अन् आता आपल्या गावावर एखादी फिल्म करावी असं ज्यांना वाटून राहिलंय, अशा आपल्या विदर्भातल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. पहिली गोष्ट, नवीन कॅमेरा घेऊ नका. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ आला २००८ साली, आधी निकॉन डी९० मध्ये अन् मग त्याच वर्षी फुल एचडीवाला कॅनन फाइव्ह डी मार्क टू, म्हणजे तुमच्याकडचा जुना कॅमेराही बहुतेक पुरतो. पैसा टाकायचाच असेल तर आधी माइक, मग एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काळी काच), मग ट्रायपॉडचं व्हिडिओ हेड, याच क्रमाने.

विषय वावरातलाच घ्या. मी इथं कापूस वेचणी धरून सांगतो, तुम्ही भंडारा-गोंदियाकडचे असाल तर धानाची रोवणी धरा, वरुड-मोर्शीकडचे असाल तर संत्र्याची तोड. वेचणीचे फोटो आपण सगळ्यांनी काढलेत, पांढरंशुभ्र वावर, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, मागे मावळता सूर्य. फोटो म्हणून मस्तच आहे, पण असे वीस व्हिडिओ एकामागे एक लावले अन् वरून गाणं टाकलं तर ती फिल्म होत नाही, तो हलणारा अल्बम होतो, कारण बघणाऱ्याला पुढे काय होणार याची काही ओढच राहत नाही. ओढ लावायला एक साधा प्रश्न पाहिजे. वेचणीत तो आयता आहे: मजुरी किलोवर मिळते, मग आज संध्याकाळी वजनकाट्यावर किती भरणार? एक बाई निवडा, तिच्या घरून निघण्यापासून काट्यापर्यंत तिच्यासोबत राहा, अन् प्रत्येक शॉट घेताना विचारा की हा शॉट त्या काट्याकडे नेतो का. नसेल नेत तर तो फोटो म्हणून काढून घ्या, फिल्मसाठी नको.

आता शूटिंगची सवय. फोटोवाल्याचा हात क्लिक करून लगेच पुढे सरकतो, व्हिडिओत हीच सवय सगळ्यात जास्त नडते. रेकॉर्ड दाबलं की कॅमेरा न हलवता निदान दहा सेकंद थांबा, काम चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत थांबा: हात बोंडाकडे गेला, कापूस निघाला, ओटीत पडला, हात परत गेला, एवढं सगळं एका शॉटमध्ये येऊ द्या. मग तेच काम जागा बदलून परत घ्या. एकदा लांबून, म्हणजे तास (पिकाच्या ओळी), पऱ्हाटी (कापसाची झाडं), बाया सगळं दिसलं पाहिजे, एकदा कमरेपासून वर, एकदा नुसती बोटं, एकदा नुसता चेहरा. वेचणी दिवसभर तीच ती चालते म्हणून हे सोपं आहे, कोणाला परत करून दाखवा म्हणायची गरजच नाही. सोबत बाजूच्या गोष्टीही घेत जा, धुऱ्यावर ठेवलेले डबे, झाडाला बांधलेला झोळणा, पाण्याची कॅन, बंडीचे बैल. एडिटिंगला दोन शॉट जुळत नसले की मधात हेच टाकावे लागतात अन् तेव्हा ते नसले तर काही उपाय राहत नाही. अन् कॅमेरा आडवाच धरा, उभ्या पोर्ट्रेटची सवय इथं सोडावी लागते.

काट्याच्या सीनला एक नियम लक्षात ठेवा. काटा पाहणारा एकीकडे अन् बाई दुसरीकडे, या दोघांच्या मधून एक रेघ आहे असं समजा अन् सगळे शॉट त्या रेघेच्या एकाच बाजूने घ्या. मधातच पलीकडे गेलात तर स्क्रीनवर दोघंही एकाच दिशेने पाहताना दिसतात, मग कोण कोणाशी बोलून राहिलं ते कळत नाही.

सेटिंग पूर्ण मॅन्युअल. फ्रेम रेट २५, शटर १/५०, अन् हे शटर दिवसभर हलवायचं नाही. फोटोत आपण उन्हात १/१००० करून मोकळे होतो, व्हिडिओत तसं केलं तर हालचाल तुटक दिसते, म्हणून शटर फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट ठेवतात. दुसरं कारण आपल्या लाइनीचं, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली किंवा हलक्या एलईडीखाली १/६० वर पट्टे फिरताना दिसू शकतात, १/५० किंवा १/१०० वर ते जातात. झाडीपट्टीचं नाटक शूट करायला वडसा भागात जाल तेव्हा हे कामी येईल. कॅननच्या मेनूत २५ दिसत नसेल तर व्हिडिओ सिस्टीम एनटीएससीवर (६० हर्ट्झवाल्या देशांची) आहे, पाल (५० हर्ट्झवाली) करा.

आता १/५० ठेवलं की उन्हात पंचाईत होते. दुपारच्या कडक उन्हात आयएसओ १०० अन् १/५० वर एक्सपोजर बसायला एफ २२ लागतं, मग मागचं सगळं शार्प अन् लेन्सवरची धूळही दिसते. एफ ५.६ वर यायचं तर चार स्टॉप कमी करावे लागतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी १६, अन् एफ ४ साठी एनडी ३२. व्हेरिएबल एनडी घेतला तर फिरवून कमीजास्त करता येतो, फक्त वाइड लेन्सवर तो एकदम टोकाला फिरवू नका, फ्रेममध्ये काळी फुली येते. साइज लेन्सच्या पुढे लिहिलेला राहतो, ५२, ५८ असा काही, तो पाहूनच घ्या.

अन् रॉची सवय विसरा. व्हिडिओ हा जेपीजीसारखा आहे, उडालेला पांढरा रंग परत येत नाही. कापूस अन् पांढरा दुपट्टा उडाला तर गेला, म्हणून एक्सपोजर कापसावर ठेवा, चेहरा थोडा काळपट आला तर नंतर उचलता येतो. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, शार्पनेस कमी, व्हाइट बॅलन्स ऑटोवर नाही, उन्हात ५२००-५५०० केल्विनच्या आसपास पक्का. फोकसही मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून लावा अन् एफ ५.६ ते ८ मध्ये राहा. जुन्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस व्हिडिओत मागेपुढे शोधत बसतो अन् लेन्सची घरघर आवाजात येते. ५० एमएमवर एफ १.८ चा मोह होतो, पण ती बाई एक पाऊल सरकली की फोकस गेला.

आवाजावर मात्र फोटोवाल्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण आपण आयुष्यात आवाजाचा कधी विचारच केला नाही. चित्र थोडं हललं तर लोक बघून घेतात, बोलणं समजलं नाही तर बंद करतात. कॅमेऱ्याच्या माइकवर अजिबात विसंबू नका. आधी कॅमेऱ्याला माइकचं ३.५ एमएमचं भोक आहे का ते पाहा, कॅनन १३००डी, १५००डी अन् निकॉन डी३४००, डी३५०० ला ते नाही. नसलं तरी अडत नाही, कॉलर माइक लावून मोबाइल त्या बाईच्या कमरेला किंवा पिशवीत ठेवा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, रेकॉर्डिंग चालू करा अन् कॅमेरा चालू झाला की समोर एक टाळी वाजवा. एडिटिंगला टाळीचा आवाज अन् टाळीचं चित्र जुळवलं की सगळं जागेवर बसते. माइकवर फर लावा, वावरात वारा राहतोच. कॅमेऱ्यातच माइक जोडला असेल तर लेव्हल मॅन्युअल करून मोठ्यातला मोठा आवाज मीटरवर -१२ डेसिबलच्या जवळ ठेवा, ऑटोवर कोणी गप्प झालं की कॅमेरा दूरचा मोटारपंप ओढून आणतो. मुलाखत घ्यायची तर पंप अन् थ्रेशरपासून लांब, पंखा बंद करून.

अन् नुसता आवाजही रेकॉर्ड करा. कोणी न बोलता वावराचा अर्धा मिनिट, पऱ्हाटीची खसखस, बायांचं आपसातलं हसणं, काट्याची साखळी. पिक्चरची गाणी टाकू नका, कॉपीराइट लागतो. गावात खंजिरी भजनाचं मंडळ असेल तर त्यांना विचारून त्यांचंच रेकॉर्ड करा.

स्टॅण्डचं एवढंच, फोटोच्या बॉल हेडवर पॅन (कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवणं) झटके घेतो, म्हणून फ्लुइड हेड, म्हणजे वर सांगितलेलं व्हिडिओ हेड, नाहीतर पॅन करूच नका. झपाट्याने फिरवलं तर विजेचे खांबही तिरपे दिसतात. खाली बसून शॉट घ्यायचा तर कापडी पिशवीत तूर भरा अन् त्यावर कॅमेरा ठेवा, चांगला स्थिर राहतो.

उन्हाळ्यात तेंदूपत्ता शूट करणार असाल तर कॅमेऱ्याला सांभाळा, मे मध्ये ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जाते अन् लाइव्ह व्ह्यू चालू राहिला की सेन्सर तापून कॅमेरा बंद पडू शकतो. दोन शॉटच्या मधात लाइव्ह व्ह्यू बंद, कॅमेऱ्यावर पांढरा दुपट्टा. बॅटरीही व्हिडिओत फोटोपेक्षा लवकर उतरते, लोडशेडिंगच्या आधी रात्रीच दोन-तीन चार्ज करून ठेवा. जुन्या कॅमेऱ्यात एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबते अन् फुल एचडीची ४ जीबीची फाइल साधारण १२ मिनिटांत भरते, म्हणून लांबलचक कीर्तन एका दमात येईल असं धरू नका.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुष्कळ झालं, लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या कॉप्या, बनवा. आधी नुसतं बोलणं ऐकून क्रम लावा, मग त्यावर चित्र ठेवा. सुंदर शॉट असेल पण काट्याकडे नेत नसेल तर काढा, हे जीवावर येते पण करावंच लागते. कार्ड फॉरमॅट करायच्या आधी सगळं दोन जागी कॉपी.

अन् अपलोड करायच्या आधी त्या बाईला अन् तिच्या घरच्यांना मोबाइलवर पूर्ण फिल्म दाखवा. मजुरीचा आकडा, घरातलं बोलणं, काही नको म्हणाल्या तर तेवढं काढा अन् मगच टाका.