चवथीला गावी निघण्यापूर्वी: फ्लॅटमधला पाईप आणि गावातला सिलिंडर

पणजी-म्हापशाच्या फ्लॅटला कुलूप लावून आपण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावच्या घरी जातो. फ्लॅटमध्ये आता पाईपचा गॅस, गावी अजून सिलिंडर. दोन गॅस, दोन स्वभाव, आणि नेमका गोंधळ इथेच होतो.

निघायच्या दिवशी शेगडीचे बटण बंद करून भागत नाही. मीटरजवळची चावी पाईपला आडवी करा. पाईपच्या रेषेत असेल तर ती उघडी. ही चावी कुठे आहे ते घरात एकट्यालाच ठाऊक असून उपयोग नाही, शेजाऱ्यालाही दाखवून ठेवा. बिलावरचा आणीबाणीचा नंबर मोबाईलमध्ये घाला.

नेवऱ्या तळायला जादा शेगडी लागतेच, म्हणून फ्लॅटमधली उचलून गाडीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. पाईपच्या गॅसचा दाब कमी, म्हणून त्या शेगडीच्या जेटचे, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचे, भोक मोठे असते. तिला सिलिंडर जोडला तर जाळ भडकतो, कढईचे बूड काळे होते, आणि तेवढ्यावर निभावले तर नशीब. गावची शेगडी इकडे आणली तर उलटे: जाळ इतका मिणमिणता की खतखते दुपारपर्यंत शिजणार नाही.

आता वास आला तर काय, हे मुलांसकट सगळ्यांना आधीच सांगा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाईपातला गॅस मुख्यतः मिथेन, हवेहून हलका, तो छताकडे जातो. म्हणून झडीचे पाणी आत येते म्हणून फ्लॅटच्या वरच्या जाळीला जूनमध्ये लावलेले प्लॅस्टिक निघण्यापूर्वी काढा. गावी मात्र दाराखालची फट मोकळी ठेवा. वास आला की दोन्हीकडे विजेचे बटण चालू करायचे नाही, बंदही करायचे नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते. मिथेनला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. तेव्हा ‘गटाराचा असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

राहता राहिला मंडप. सार्वजनिक गणपतीच्या खांबांसाठी रस्त्याकडेला पहार मारण्यापूर्वी गॅसच्या खुणेचे दगड-फलक बघा आणि कंपनीला कळवा. गल्लीतली नळी प्लॅस्टिकची असते, चिऱ्याला सरावलेली पहार तिला ओळखत नाही. केंद्राचे ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप २०२३पासून त्यासाठीच आहे. मोठ्या वाहिनीचे काय होऊ शकते ते आंध्रातल्या नगरम गावाने २७ जून २०१४ला पाहिले: गळलेला गॅस पेटला, वीसहून जास्त माणसे गेली.

परत आल्यावर आधी खिडक्या उघडा, थोडा वेळ थांबा, वास नाही ना बघा, मग चावी पाईपच्या रेषेत करा.